कंबर मोजता, मग मशेरीही मोजा

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी व मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, पुणे जिल्हा परिषद
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, पुणे
मा. तालुका आरोग्य अधिकारी, मुळशी



तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या तोंडाची तपासणी व्हावी, बायकांच्या स्तनांची आणि गर्भाशयमुखाचीही व्हावी, असे केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत २०१६ सालीच ठरले. त्यानंतर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी झाली, २०१९ ते २०२१ या काळात. तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांना विचारले, तुमची तपासणी कधी एकदा तरी झाली आहे का? देशभरात गर्भाशयमुखाच्या बाबतीत 'हो' म्हणणाऱ्या निघाल्या १.९ टक्के. स्तनांच्या बाबतीत ०.९ टक्के, तोंडाच्या बाबतीतही तेवढ्याच.

या पत्रात मी नवी योजना मागत नाही. आहे ती योजना माणसागणिक जोखीम ओळखून चालवा आणि ती ओळखताना आम्हा गावकऱ्यांशी बोला, एवढेच मागते. सगळ्यांपर्यंत पोहोचायचे ठरवून शंभरातल्या दोघींपर्यंतही पोहोचता येत नसेल, तर आधी कोण आणि नंतर कोण हा क्रम कुणी तरी लावतच असतो. आज तो शिबिराची तारीख लावते, रस्ता लावतो, एसटीची वेळ लावते. पौडच्या ग्रामीण रुग्णालयाजवळ राहणारी बाई तपासली जाते, ताम्हिणीच्या वरच्या वाडीवरची राहते. हा क्रम रोगाला धरून असावा, ही माझी मागणी.

क्रम लावण्याचे एक साधन तुमच्याकडे आहे. आशाताई घरोघरी जाऊन तिशीवरील प्रत्येकाचा 'सीबॅक' फॉर्म भरतात. एका फॉर्ममागे त्यांना दहा रुपये मिळतात. फॉर्मच्या पहिल्या भागात गुण द्यायचे असतात: वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम आणि आईवडील किंवा भावंडांत रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार आहे का. बेरीज चारच्या वर गेली की तो माणूस जास्त जोखमीचा, त्याला आधी तपासणीला बोलवायचे. गुण काहीही असले तरी तपासणी सगळ्यांचीच व्हायची आहे, हे सूचनांत आहे, मला मान्य आहे. पण प्राधान्य या बेरजेवर ठरते, आणि वर दिलेल्या आकड्यांच्या जगात प्राधान्य मिळाले नाही म्हणजे बहुधा काहीच मिळाले नाही.

आता हा फॉर्म मुळशीत भरून बघा. समजा, धरणभागातल्या एखाद्या वाडीवरची पंचेचाळीस वर्षांची बाई आहे. लावणीच्या दिवसांत पाण्यात वाकून भात लावते, एरवी मजुरीला जाते. कंबर ऐंशी सेंटिमीटरच्या आत. दारू नाही. आईवडिलांना मधुमेह होता की नाही, तिला माहीत नाही. कुणी तपासलाच नव्हता. लहानपणापासून ती मशेरी, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, लावते, सकाळी उठल्यावर, दुपारी, रात्री निजताना. तिचे गुण काढा. वयाचे मिळतील, तंबाखूचे दोन मिळतील, आणि बेरीज चारच्या वर जाणार नाही. तेही तिने तंबाखूचे उत्तर 'हो' असे दिले तर. फॉर्ममध्ये उदाहरण आहे गुटख्याचे आणि खैनीचे. मशेरी लावणारी बाई स्वतःला तंबाखू खाणारी समजत नाही. ती दात घासते. ती सरळ मनाने 'नाही' म्हणते आणि तिचे दोन गुणही जातात.

याच तालुक्यात हिंजवडी आहे. तिथला बेचाळीस वर्षांचा एखादा कर्मचारी घ्या, दिवसभर खुर्चीत, पोट सुटलेले, वडिलांना मधुमेह. तो सहज चारच्या पुढे जातो. रक्तदाब आणि साखर बघायला त्याला आधी बोलावणे रास्तच आहे, त्यावर माझे काही म्हणणे नाही. पण त्याच बेरजेवर तोंडाच्या कर्करोगाचा क्रमही लागतो. पाच रोगांसाठी एकच आकडा, आणि त्या आकड्यात कंबरेच्या घेराला मशेरीइतकेच वजन! त्यात घराण्याच्या प्रश्नात कर्करोगाचे नावच नाही. आई आणि मावशी दोघी स्तनाच्या कर्करोगाने गेलेली मुलगी या फॉर्ममध्ये बाकीच्यांसारखीच दिसते.

फॉर्मच्या पुढच्या भागात लक्षणे विचारली आहेत, हे मी विसरले नाही. तोंड उघडायला त्रास, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, स्तनातली गाठ, पाळी गेल्यावरचा रक्तस्राव. ही विचारलीच पाहिजेत. पण लक्षण दिसते तेव्हा रोग बराच पुढे गेलेला असू शकतो, आणि तपासणी करायची ती लक्षणाच्या आधी.

जोखमीप्रमाणे तपासणी केली तर काय साधते, याचा सर्वांत भक्कम पुरावा बाहेरून आणावा लागत नाही. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ साली तोंडाच्या कर्करोगाची मोठी चाचणी सुरू झाली. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन, उजेडात तोंड बघून तपासणी केली, तीन तीन वर्षांच्या अंतराने तीन फेऱ्या. निकाल २००५ साली प्रसिद्ध झाले. तंबाखू किंवा दारूचे व्यसन असलेल्यांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. व्यसन नसलेल्यांमध्ये असा फायदा दिसला नाही. म्हणजे यंत्र नको, प्रयोगशाळा नको. योग्य माणसाच्या तोंडात योग्य वेळी डोकावणारे डोळे हवेत. ज्याच्या तोंडाला तंबाखू लागलेली नाही, त्याच्यामागे आशाताईंचा वेळ खर्च करून उपयोग थोडा. ज्याला लागली आहे, त्याच्याकडे पाच वर्षांतून एकदा बघणे पुरेसे नाही.

आणि मशेरीबद्दल तर आपला जिल्हा फार जुना साक्षीदार आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डॉक्टरांनी पुणे जिल्ह्यातल्या १ लाख १ हजार ७६१ गावकऱ्यांची तोंडे घरोघरी जाऊन तपासली होती. तो अभ्यास १९७२ साली छापून आला. पन्नास वर्षांहून जास्त काळ झाला. ज्या गावकऱ्यांची तोंडे बघून जगाला तंबाखूचे व्रण समजले, त्यांच्याच जिल्ह्यातल्या नातीसुनांच्या फॉर्मवर मशेरी हा शब्द अजून आलेला नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १७ टक्के बायका तंबाखू घेणाऱ्या निघाल्या, आणि त्यात धूर काढणाऱ्या अगदी थोड्या. बाकी सगळी तंबाखू तोंडात ठेवायची, हिरड्यांना चोळायची.

गर्भाशयमुखाच्या बाबतीतही महाराष्ट्राचेच उदाहरण आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाने आणि टाटा स्मारक केंद्राने शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, १९९९ साली चाचणी सुरू केली. चार गटांत वाटलेले बावन्न गावसमूह, तीस ते एकोणसाठ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त बायका. एका गटाला एचपीव्ही या विषाणूची चाचणी, दुसऱ्याला पेशींची, तिसऱ्याला ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी बघण्याची, आणि चौथ्याला नेहमीची सेवा. आठ वर्षांनंतर एचपीव्ही गटातल्या सुमारे ३४ हजार बायकांमध्ये या रोगाने ३४ मृत्यू झालेले दिसले. तपासणी न झालेल्या सुमारे साडेएकतीस हजारांमध्ये ६४. आणि ज्यांची एचपीव्ही चाचणी निगेटिव्ह आली होती, त्यांतली एकही या रोगाने दगावली नव्हती. आयुष्यात एकदा झालेली चाचणी, आणि जोखीम कुणाला आहे आणि कुणाला नाही, हे तिने इतके स्पष्ट सांगितले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती दिली: तिशीनंतर, पाच ते दहा वर्षांच्या अंतराने. एचआयव्ही असलेल्या बायकांसाठी पंचविशीनंतर आणि कमी अंतराने. जोखमीनुसार तपासणी म्हणतात ती हीच. त्या शिफारशीमागच्या पुराव्यात मराठवाड्यातल्या बायकांचा मोठा वाटा आहे. चौथ्या गटातल्या बायकांना तपासणीविना ठेवले, यावरून पुढे संशोधकांवर कडक टीका झाली, आणि ती टीका मला पटते. म्हणून तर आग्रह जास्त. त्या बायकांनी जे दिले, त्याचा लाभ त्यांच्याच राज्यातल्या उपकेंद्रांपर्यंत यायला अजून किती वर्षे? क्षयरोगासाठी ठिकठिकाणी वापरली जाणारी ट्रूनॅट यंत्रे गोव्यातली कंपनी बनवते, त्याच यंत्रावर आता एचपीव्हीची चाचणीही होते. नमुना बाई स्वतः घेऊ शकते. पडद्याआड, कुणी हात न लावता. मुळशीसारख्या तालुक्यात या शेवटच्या गोष्टीचे मोल किती आहे, हे तुमच्यातल्या प्रत्येक नर्सबाईला ठाऊक आहे.

आता लोकांच्या मनाबद्दल. तपासणीला लोक येत नाहीत, अज्ञान आहे, जागृती हवी, असे तुमच्या अहवालांत लिहिले जाते. मी कोळवण खोऱ्यात राहते आणि बचतगटाच्या बैठकांत हे विषय निघतात तेव्हा ऐकत असते. अज्ञान मला फारसे ऐकू येत नाही. "दुखत नाही, खुपत नाही, मग कशाला?" हे ऐकू येते. "तपासायला गेलं की काही तरी काढतातच" हे ऐकू येते. कर्करोग झालेला जो माणूस गावाने पाहिला, तो शेवटच्या टप्प्यावर पुण्याला नेलेला आणि महिन्या दोन महिन्यांत परत आणलेला. लवकर सापडून बरी झालेली बाई गावाने पाहिलेलीच नसते. असली तरी ती बोलत नाही. अशा अनुभवातून 'न कळलेलेच बरे' असा निष्कर्ष कुणी काढला तर तो अडाणीपणा कसा? बरे झालेले माणूस दिसेपर्यंत भीतीला उत्तर नाही.

घराण्याचा प्रश्न विचारायला हवा असे मी वर म्हटले, पण तो विचारणे किती अवघड आहे हेही सांगते. घरात लग्नाची मुलगी असेल तर आजीला छातीची गाठ होती हे कोण सांगेल? 'त्यांच्या घरात तो रोग आहे' एवढे वाक्य एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जायला वेळ लागत नाही, आणि सोयरीक मोडते. फॉर्म भरला जातो तो ओट्यावर, सासू, जाऊ, शेजारीण यांच्यासमोर. त्यातच संबंधांनंतर रक्त जाते का, हाही प्रश्न. उत्तर 'नाही' असे येते आणि आशाताईही ते लिहून घेते, कारण ती त्याच गावची सून आहे. जोखीम मोजण्याचे सगळे शास्त्र या ओट्यावर येऊन अडते. हे प्रश्न उपकेंद्राच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, बंद दाराआड, नर्सबाईंनी विचारायचे आहेत. एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांची तपासणी त्या औषधे घेतात त्याच केंद्रात व्हावी. गावातल्या कोणत्याही यादीवर त्यांच्या नावापुढे काहीही लिहिले जाऊ नये.

लोकांच्या मनाची दुसरी बाजू तुम्हाला अजून भेटायची आहे, ती मी आधीच सांगून ठेवते. जास्त जोखमीच्या माणसाला जास्त तपासा म्हटले की कुणी हरकत घेत नाही. कमी जोखमीच्या माणसाला 'तुम्ही पाच वर्षांनी या' म्हटले की मात्र मन दुखावते. वेल्समध्ये २०२२ च्या जानेवारीत हेच घडले. एचपीव्ही निगेटिव्ह असलेल्या तरुण बायकांची पुढची तपासणी तीनऐवजी पाच वर्षांनी होईल असे जाहीर झाले. शास्त्राला धरून निर्णय होता. पण तो नीट समजावून सांगितला नाही, आणि दहा लाखांहून जास्त लोकांनी विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या. नीट सांगितले नाही याबद्दल तिथल्या आरोग्य यंत्रणेला माफी मागावी लागली. जिथे तपासणी वर्षानुवर्षे सुरळीत चालली आहे तिथे ही गत. इथे, जिथे सरकारी दवाखान्यात औषध नसले की 'आमच्या वाट्याचे कुणी तरी खाल्ले' असेच वाटते, तिथे 'तुमची जोखीम कमी' याचा अर्थ 'तुमच्यावर पैसे घालवायचे नाहीत' असाच घेतला जाणार.

त्या अविश्वासाला एकच उपाय मला दिसतो: आधी जास्त जोखमीच्यांना खरोखर जास्त मिळताना गावाने पाहावे. वर्षभर मशेरी लावणाऱ्यांची, तंबाखू, मावा, गुटखा खाणाऱ्यांची तोंडे नियमाने तपासली गेली, त्यातले काही वेळेत बरे झाले, तर मग तंबाखू न घेणाऱ्याला 'तुम्हाला याची गरज कमी' हे पटेल. उलट्या क्रमाने केलेत तर कुणालाच पटणार नाही. आणि कमी जोखीम म्हणजे हक्क गेला असे कधीही होता कामा नये. शंका आली, गाठ लागली, की त्याच दिवशी दार उघडे हवे.

जास्त तपासणी म्हणजे चांगली तपासणी, हा समज शहराकडच्या आमच्या भागात घट्ट आहे. हिंजवडी, सूस, भूगाव या पट्ट्यात 'फुल बॉडी' पॅकेजच्या जाहिराती भरपूर दिसतात. त्यात धडधाकट तरुणांसाठी ट्यूमर मार्कर नावाच्या रक्तचाचण्याही घातलेल्या असतात. दक्षिण कोरियात आरोग्य तपासणीत थायरॉइडची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली, आणि १९९३ ते २०११ या काळात थायरॉइडच्या कर्करोगाचे निदान पंधरापट वाढले. मृत्यू कमी झाले नाहीत. हजारो लोकांच्या ग्रंथी विनाकारण काढल्या गेल्या. तिकडे नको त्याची तपासणी आणि इकडे हवी त्याची नाही, ही एकाच तालुक्यातली दोन टोके आहेत. पहिल्या टोकाला आवर घालणे हेही आरोग्य खात्याचेच काम आहे.

हिंगोलीचे आकडे तुमच्यासमोर आहेतच. ८ मार्च २०२५ पासून तिथे 'संजीवनी' मोहिमेत प्रश्नावली घेऊन सुमारे २ लाख ९३ हजार महिलांची पाहणी झाली. जुलैमध्ये विधिमंडळात सांगितले गेले की १४,५४२ जणींमध्ये कर्करोगासारखी लक्षणे दिसली; त्या घडीपर्यंत निदान झाले ते गर्भाशयमुखाच्या तीन, स्तनाच्या एका आणि तोंडाच्या आठ रुग्णांचे. त्या बारा जणींसाठी मोहीम मोलाची होती, यात शंका नाही. पण बातम्यांत झळकले ते साडेचौदा हजार. त्या साडेचौदा हजार घरांत त्या रात्री काय झाले असेल? पांढरे जाणे, पाळीत जास्त रक्त जाणे ही लक्षणे शेतात राबणाऱ्या बायकांमध्ये सर्रास असतात आणि त्यांना कारणेही अनेक असतात. लक्षणांची यादी इतकी रुंद ठेवून मोजले की भीती वाढते, आणि पुढच्या वर्षी आशाताई दारात आली की 'काही नाही' हे उत्तर तयार असते. मुळशीत असे होऊ देऊ नका.

मग मुळशीत काय करावे? पुणे जिल्हा परिषदेला एका तालुक्यापुरता फॉर्मला पुरवणी कागद जोडायला फार मोठी परवानगी लागू नये. त्यात मशेरी नावानिशी असावी: लावता का, किती वर्षे, दिवसातून किती वेळा. कर्करोगाची बेरीज रक्तदाबाच्या बेरजेपासून वेगळी करावी. तंबाखू लागलेल्या प्रत्येकाचे तोंड निदान केरळइतक्या अंतराने तरी बघितले जावे, आणि ते वाडीवर जाऊन. आषाढात शिबिर लावू नका. तेव्हा सगळे गाव चिखलात असते. भात निघाल्यावर, मार्गशीर्षापासून होळीपर्यंत, माणूस घरी सापडतो. मशेरी सोडवायला मदत करणारे कुणी तरी त्याच पथकात असावे, नाही तर तपासणी म्हणजे नुसता दोषारोप होतो.

स्तनाच्या बाबतीत परदेशी जोखीम-गणिते जशीच्या तशी उचलू नयेत. युरोपात, अमेरिकेत जोखमीनुसार मॅमोग्राफीचे मोठे प्रयोग झाले आहेत, पण ती गणिते मुख्यतः तिथल्या बायकांच्या माहितीवर बेतलेली आहेत. आपल्याकडे हा रोग तुलनेने कमी वयात गाठतो. मुंबईत टाटा स्मारकाने वस्त्यांमध्ये वीस वर्षे जो अभ्यास केला, त्यात प्रशिक्षित कार्यकर्तींनी हाताने स्तन तपासल्यावर पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. हाताची तपासणी आपल्या नर्सबाईंना शिकवता येते. पन्नाशीपुढच्यांना आणि घराण्यात रोग असलेल्यांना आधी घ्या. इथे सुरुवात करायला एवढे पुरे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पुढची वाट. तोंडात पांढरा चट्टा दिसला, मग? आज कागदावर 'संदर्भित' असा शिक्का बसतो आणि बाई पौडला जायची की औंधला, लवळ्याच्या रुग्णालयात की ससूनला, हे तिचे तिने ठरवायचे असते. एक दिवसाची मजुरी, एसटीचे भाडे, सोबतीला एक माणूस, म्हणजे आणखी एक मजुरी. दोनदा 'उद्या या' ऐकले की तिसऱ्यांदा ती जात नाही. ज्या तालुक्यात तुकडा काढून तपासण्याची सोय ठरलेल्या वारी पौडलाच मिळत नाही, तिथे जास्त जोखीम शोधून काढणे हा अन्याय आहे, असे मी स्पष्ट म्हणते. संशय आलेल्या प्रत्येक माणसामागे एका कर्मचाऱ्याचे नाव असावे, आणि तपासणी ते उपचार हा प्रवास पुरा होईपर्यंत ती जबाबदारी त्या कर्मचाऱ्याची. उपचारासाठी महात्मा जोतिराव फुले योजना आहे. तिथपर्यंत माणूस पोहोचवणारे कुणी नाही.

येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांआधी महिलांच्या ग्रामसभा होतील. कोळवण, माले, ताम्हिणी, मुठा इथल्या सभांना आपल्यापैकी कुणी तरी स्वतः यावे, शक्यतो महिला अधिकारी. सोबत हे आकडे आणावेत: गेल्या वर्षी मुळशीत किती फॉर्म भरले, किती जणांवर संशय आला, त्यातल्या किती जणांचा तुकडा तपासला गेला, आणि किती जणांचे उपचार सुरू झाले. कुणाचेही नाव नको, नुसते आकडे. फॉर्ममध्ये काय विचारावे, कुठे विचारावे आणि कुणी विचारावे, हे बायका तिथे सांगतील. ते लिहून घ्या, आणि पुढच्या महिन्यात पुरवणी कागद छापायला द्या.

आपली,
कोळवण खोऱ्यातील एक रहिवासी
ता. मुळशी, जि. पुणे